पाहिजेत : सेटर



सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या फाटकांवर लावलेल्या पाट्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. ‘पाहिजेत : सीएनसी ऑपरेटर, सेटर, हेल्पर.’ इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरची चूल त्या पाट्यांमुळे पेटली आहे. ऑपरेटर आणि सेटर यांतला फरक नाशिकमध्ये कुणाला समजावून सांगायची गरज नाही, तरी आजच्या विषयासाठी एकदा उच्चारतो. सेटर टूल बसवतो, ऑफसेट देतो, पहिला नग काढतो, मायक्रोमीटर लावतो, पुन्हा थोडं सरकवतो आणि माप बसलं की मशीन ऑपरेटरच्या हवाली करतो. मग ऑपरेटर पाळी संपेपर्यंत तोच नग काढत राहतो. दोघांचंही काम कष्टाचं आहे आणि दोघांवाचून कारखाना चालत नाही. पण मशीन नेमकं काय करणार, किती अचूक करणार आणि अडलं तर कुठे हात घालायचा, हे सेटरला ठाऊक असतं.

संगणकाच्या बाबतीत महाराष्ट्राने गेल्या पंचवीस वर्षांत ऑपरेटर घडवले. २००१ साली एमकेसीएल उभं राहिलं, एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला आणि लाखो माणसांचा हात पहिल्यांदा कीबोर्डला लागला. पतसंस्थांतले कारकून, शिक्षक, ग्रामसेवक, नोकरी शोधणाऱ्या मुली, सगळे त्यातून गेले. ते फार मोठं काम होतं आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पुढची पायरी मात्र आपण चढलो नाही. संगणक रुसला की आपण तो दुकानात नेतो, ‘विंडोज मारून द्या’ म्हणतो आणि दोन दिवसांनी घेऊन येतो. आत काय झालं होतं हे आपण विचारत नाही, दुकानदारही सांगत नाही. माझं आजचं म्हणणं असं आहे की नाशिक जिल्ह्याला आता संगणकाचे सेटर हवेत, आणि ते शहरात नव्हे, निफाड-येवल्याच्या, सटाणा-कळवणच्या गावांत हवेत. ते घडवायचं साधन आज काही हजार रुपयांत हातात येतं.

ज्या सरांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेलं आहे, ते शाळेत विज्ञान शिकवत. प्रयोगाचं साहित्य जुळवलेलं मिळालं तर ते आधी सगळं सुटं करत आणि मुलांना पुन्हा जुळवायला लावत. म्हणून आज मीही एखादं तयार यंत्र कसं वापरायचं हे न सांगता, कोरं यंत्र कसं उभं करायचं यावर बोलणार आहे.

हे साधन म्हणजे एकाच पट्टीवर बसवलेला अख्खा संगणक. प्रोसेसर, मेमरी, वायफाय, पडद्याची जोडणी, सगळं एका बोर्डावर, आणि बोर्ड एटीएम कार्डाएवढा. त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव रास्पबेरी पाय. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात शिकवणाऱ्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट खुपत होती. संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या घटत होती आणि जी येत होती त्यांनी यंत्राशी खेळलेलं नसायचं. १९८० च्या दशकात इंग्लंडच्या शाळांत बीबीसी मायक्रो नावाचा संगणक होता. तो चालू केला की समोर थेट प्रोग्राम लिहायची जागा यायची, त्यामुळे मुलं आपोआप प्रोग्राम लिहायला लागत. नंतर घरोघरी आलेल्या संगणकांनी ती जागा झाकून टाकली. मोडला तरी पालक रागावणार नाहीत इतका स्वस्त संगणक करायचा, या विचारातून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला बोर्ड विक्रीला आला. किंमत ३५ डॉलर, मेमरी २५६ एमबी. पहिल्याच सकाळी विक्रेत्यांची संकेतस्थळं कोलमडली. तेव्हापासून जगभर असे कोट्यवधी बोर्ड विकले गेले आहेत, आणि त्यातले पुष्कळसे शाळांत न जाता कारखान्यांत, दुकानांत आणि शेतांवर गेले. केंब्रिजमधल्या त्या शिक्षकांना वाटत होतं त्यापेक्षा गरज मोठी होती.

खोक्यातून काढलेल्या या बोर्डाला काहीही येत नाही. त्यात हार्ड डिस्क नसते, आधीपासून भरलेली विंडोज नसते. नखाएवढ्या मेमरी कार्डावर आपण जे टाकू तेवढंच त्याला येणार. वीज दिली की बोर्ड प्रथम कार्डाच्या पहिल्या कप्प्यात काही ठरावीक फाइली शोधतो, त्यांतली ‘कॉन्फिग’ नावाची साधी मजकुराची फाइल वाचतो, तीत लिहिलेल्या ओळींनुसार आपले भाग जागे करतो आणि मग लिनक्सचा गाभा मेमरीत घेतो. ती फाइल कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येते, बदलता येते. एक ओळ चुकली तर बोर्ड सुरू होत नाही, ती सुधारली की सुरू होतो. दहावीच्या मुलाला हे स्वतः करून पाहू द्या. यंत्राबद्दलची भीती जायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

कार्डावर जी प्रणाली टाकायची तीही फुकट आणि उघडी आहे. डेबियन हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला, जगभरच्या स्वयंसेवकांनी तो वाढवला. २०१२ मध्ये मोजक्या उत्साही लोकांनी या छोट्या बोर्डाच्या प्रोसेसरसाठी त्यातली पस्तीस हजारांवर सॉफ्टवेअर पॅकेजं नव्याने बांधून काढली आणि त्याला रास्पबियन नाव दिलं. आजची रास्पबेरी पाय ओएस त्यातूनच पुढे आली. त्या माणसांना निफाड ठाऊक नव्हतं, तरी त्यांच्या कामावर निफाडच्या माणसाचा तेवढाच हक्क आहे.

आता आपण कांद्याच्या चाळीत जाऊ, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत पाच-सहा महिने राहतो. भाव येईपर्यंत थांबायची ताकद शेतकऱ्याला चाळ देते. पण या काळात वजनात घट होते, सड लागते, कोंब फुटतात, काजळी धरते, आणि सगळी गळती मिळून तिसरा हिस्सा आणि कधी त्याहून जास्त माल हातचा जातो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस आहे की साठवणीत तापमान २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के असावी. आर्द्रता वाढली की सड आणि कोंब, कमी झाली की वजन उतरतं. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो आणि ढिगाची रुंदी चारएक फूट ठेवतात, ती हवा आरपार जावी म्हणूनच. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प २००२ पासून आहे, तिथे गॅमा किरणांनी कोंब रोखता येतात. तो मोठा आणि मोलाचा प्रकल्प आहे. पण वाडीवस्तीवरच्या चाळीत पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री आर्द्रता नव्वदवर जाते, तेव्हा ते कळायला जागेवरच काहीतरी हवं.

याच लासलगावच्या कल्याणी शिंदे या संगणक अभियंता तरुणीने हा प्रश्न हातात घेतला. टीसीएस फाउंडेशनच्या नाशिकमधल्या डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर या केंद्रात तिने काम केलं आणि ‘गोदाम इनोव्हेशन्स’ ही कंपनी उभी केली. त्यांचं उपकरण साठवणीतलं तापमान, आर्द्रता आणि सडू लागलेल्या कांद्यातून निघणारे वायू यांवर लक्ष ठेवतं आणि सड पसरण्याआधी सूचना देतं. बाहेरून दिसत नसलेली सड ढिगाच्या पोटात सुरू होते, आणि वास नाकाला येईपर्यंत आजूबाजूचा माल गेलेला असतो. कांद्याच्या बाजारपेठेत वाढलेल्या मुलीलाच वायू मोजायचं सुचावं, यात मला नवल वाटत नाही. समस्येच्या शेजारी राहणारा माणूस यंत्र कुठे लावायचं हे बरोबर जाणतो.

ते उपकरण एका कंपनीचं आहे आणि त्याची घडण ही त्यांची मेहनत आहे. मी सांगतोय ती त्याच्या आधीची, अगदी साधी पायरी : शेतकरी गटातल्या एखाद्या मुलाने स्वतःचा बोर्ड स्वतः उभा करायचा. गेली काही वर्षं मी शाळांत आणि शेतकऱ्यांच्या गटांत हेच शिकवतो. त्या अनुभवातून काही गोष्टी सविस्तर मांडतो, कारण छापील पुस्तकांत त्या गाळलेल्या असतात. ती पुस्तकं चोवीस तास वीज आणि चोवीस तास इंटरनेट गृहीत धरून लिहिलेली असतात.

पहिली गोष्ट वीज. शेतीच्या फीडरवर लाईट पाळीने येते आणि अवचित जाते. लिनक्स चालू असताना मेमरी कार्डावर सतत काही ना काही लिहीत असतं. नेमकं लिहीत असताना लाईट गेली तर कार्डावरची नोंदवही फाटते, आणि पुढच्या वेळी बोर्ड उठतच नाही. लोक म्हणतात बोर्ड जळला. बोर्ड धडधाकट असतो, कार्ड बिघडलेलं असतं. यावर उपाय त्या प्रणालीतच आहे. ‘रास्पी-कॉन्फिग’ या सोयीत ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की मूळ कार्ड फक्त वाचलं जातं आणि सगळं लिखाण तात्पुरत्या मेमरीत होतं. मग दिवसातून कितीही वेळा लाईट जाऊ द्या. पण तात्पुरत्या मेमरीतलं लाईट गेल्यावर पुसलं जातं, म्हणून तापमानाच्या नोंदी वेगळ्या पेनड्राइव्हवर, दर काही मिनिटांनी एकदम, अशा लिहायच्या. सेटरची बुद्धी लागते ती इथे : काय हरवलं तरी चालेल आणि काय हरवून चालणार नाही, हे आधी ठरवायचं.

विजेचाच दुसरा त्रास म्हणजे चार्जर. घरात पडलेला जुना मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल लावली की व्होल्टेज पडतं. बोर्ड बंद पडत नाही, पण पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं छोटं चिन्ह दाखवतो आणि आपला वेग कमी करतो. चाळीत पडदा लावलेला नसल्यामुळे ते चिन्ह कुणाला दिसत नाही. म्हणून चाळीत नेण्याआधी आठवडाभर घरी, त्याच चार्जरवर, त्याच लांबीच्या केबलवर बोर्ड चालवून पाहायचा.

दुसरी गोष्ट वेळ, आणि ही फारच कमी लोकांच्या लक्षात येते. आपल्या साध्या भिंतीवरच्या घड्याळात सेल असतो. यांतल्या बहुतेक बोर्डांवर घड्याळच नसतं. बोर्ड सुरू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. इंटरनेट नसेल तर शेवटची नोंदवलेली वेळ धरून पुढे मोजायला लागतो. म्हणजे रात्री दहाला लाईट गेली आणि पहाटे पाचला आली, तर बोर्डाच्या लेखी अजून दहाच वाजलेत. पुढच्या सगळ्या नोंदी सात तास मागे. आता सांगा, आर्द्रता रात्री वाढली की दुपारी, हे त्या नोंदींवरून कसं कळणार? पाऊस कधी झाला, ताडपत्री कधी सोडली, याच्याशी ताळा कसा लावणार? डीएस ३२३१ नावाची घड्याळाची छोटी चिप आणि एक बटणासारखा सेल, एवढं लावलं की प्रश्न सुटतो. त्यासाठी त्याच कॉन्फिग फाइलीत एक ओळ घालावी लागते. २०२३ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीच्या बोर्डावर घड्याळ आहे, पण त्यालाही सेल वेगळा जोडावा लागतो. मी शिकवताना हा धडा सर्वांत आधी घेतो, कारण चुकीच्या वेळेची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट. तिच्यावर विश्वास ठेवून माणूस निर्णय घेतो.

तिसरी गोष्ट सेन्सर. तापमानासाठी डीएस १८बी२० हा तीन तारांचा, स्टीलच्या नळीत बंद केलेला सेन्सर चांगला. तो ढिगाच्या पोटात खुपसून ठेवता येतो, आणि एकाच तारेवर असे अनेक जोडता येतात. चाळीच्या दाराशी लावलेला सेन्सर चाळीबद्दल फारसं सांगत नाही, ढिगाच्या मधला आणि तळाचा सांगतो. आर्द्रतेचा सेन्सर मात्र हवेत, धूळ आणि पाला यांपासून झाकून पण बंदिस्त न करता लावायचा. वायूचा सेन्सर लावायचा असेल तर जरा जास्त तयारी लागते. त्यात एक छोटा तापणारा भाग असतो, तो नवा असताना दिवसभर तापवून घ्यावा लागतो, आणि तो जे सांगतो ते चढत्या-उतरत्या व्होल्टेजमध्ये सांगतो. या बोर्डाला ते थेट वाचता येत नाही. मध्ये रूपांतर करणारी एमसीपी ३००८ सारखी चिप लागते. शिवाय बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यावर ५ व्होल्टची तार लागली तर मात्र बोर्ड खरंच जातो.

इथे माझं एक स्पष्ट मत आहे. फक्त तापमान वाचून पुढे पाठवायचं असेल, तर अख्ख्या संगणकाची गरज नाही, त्याहून साधा आणि स्वस्त मायक्रोकंट्रोलर पुरतो आणि तो लाईट गेल्याने बिघडतही नाही. छोटा संगणक तिथे हवा जिथे हंगामभराच्या नोंदी साठवायच्या आहेत, इंटरनेट नसताना शेजारच्या दहा मोबाइलवर त्या दाखवायच्या आहेत, किंवा अनेक चाळींची माहिती एका जागी गोळा करायची आहे. महाग वस्तू घ्यायला लावणारा सल्लागार शेतकऱ्याला पुष्कळ भेटतो. नको ते न घ्यायला सांगणारा गावातच असायला हवा.

चौथी गोष्ट पासवर्ड. पूर्वी या बोर्डावर सगळीकडे एकच ठरलेलं नाव आणि एकच ठरलेला पासवर्ड असे. एप्रिल २०२२ पासून ते बंद झालं, आता सुरुवातीलाच स्वतःचं नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. त्यामागे मोठा धडा होता. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कुठलीही जादू नव्हती, कारखान्यातून आलेल्या साठएक ठरीव पासवर्डांची यादी होती. लोकांनी ते बदललेच नव्हते. त्या उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं तासन्‌तास बंद पडली. आपल्या चाळीतला बोर्ड कुणाच्या अशा फौजेत जाऊ नये, हे बघणं सेटरचं काम आहे.

पाचवी गोष्ट मराठी. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे आपलं आपणच करायचं आहे.

बोर्ड पहिल्यांदा चालू होताना भाषा आणि देश विचारतो. यादीत भारतासाठी मराठी आहे. ती निवडली, लोहितसारखा देवनागरी फॉन्ट टाकला आणि इनस्क्रिप्टचा कीबोर्ड जोडला की डेस्कटॉपवर मराठी उत्तम चालतं. हे आपोआप झालेलं नाही. पुण्यात सी-डॅकमध्ये, रेड हॅटच्या कचेरीत, मुंबईत इंडिकट्रान्सच्या गटात बसून माणसांनी वर्षानुवर्षं फॉन्ट काढले, मेनूंची भाषांतरं केली. ॲ हे अक्षरसुद्धा युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्यामुळे आज ‘ॲप’ हा शब्द त्या एकाच अक्षराने सुरू करता येतो.

पण चाळीत डेस्कटॉप नसतो. तिथे बोटाएवढा पडदा लावतात, किंवा मोबाइलवर संदेश पाठवतात. छोट्या पडद्यावर मजकूर काढणारा पायथनचा प्रोग्राम साध्या रीतीने लिहिला तर तो अक्षरं एकामागे एक मांडत जातो. त्याला जोडाक्षर कळत नाही, रफार वर चढवायचा हे कळत नाही, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची हे कळत नाही. ‘आर्द्रता’ लिहायला सांगितलं की रफार आणि द्र दोन्ही विस्कटतात, आणि नेमका हाच शब्द आपल्याला रोज दाखवायचा असतो. राक्म नावाची एक जोड लायब्ररी टाकली की ती हार्फबझच्या मदतीने अक्षरं नीट जुळवते. दोन ओळींचं काम. पण ते कुणीतरी मराठी वाचणाऱ्याने पाहिलं तरच होतं. तसं न झाल्यामुळे ‘मराठी नीट येत नाही, इंग्रजीच ठेवा’ असं म्हणून सोडून दिलेली कितीतरी यंत्रं मी पाहिली आहेत.

संदेशाचंही गणित आहे. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसतात, देवनागरीची ७०, आणि काना-मात्रा-वेलांटी प्रत्येक वेगळी मोजली जाते. म्हणून मजकूर घासूनपुसून लिहावा लागतो. ‘चाळ २ ओली. उत्तरेची ताडपत्री वर करा.’ एवढा संदेश पुरेसा आहे, आणि ‘सापेक्ष आर्द्रता ८६.४ टक्के’ यापेक्षा तो उपयोगाचा आहे. नाशिकला हे निराळं सांगायला नको. पुराचं पाणी किती क्युसेकने सोडलं हे वर्तमानपत्रात येतं, पण गोदाकाठचा माणूस विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला? त्या एका उत्तरावर दुकानातला माल हलवायचा की नाही हे ठरतं. चाळीतल्या यंत्रानेही असंच बोलावं, आणि काय बोलावं हे त्या गावात राहणाऱ्याने ठरवावं.

याचं आपल्याच शहरातलं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. २७ ऑगस्ट २००३ रोजी कुंभमेळ्याच्या चेंगराचेंगरीत नाशिकमध्ये ३९ माणसं गेली. २०१५ च्या सिंहस्थाआधी एमआयटीच्या मीडिया लॅबमधले, मूळचे नाशिकचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन सुरू झालं. शहरातल्या विद्यार्थ्यांनी शहराचे प्रश्न घेऊन बसायचं, अशी ती कल्पना. त्यातून नीलय कुलकर्णी हा पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याच्याहून थोडे मोठे सहकारी यांनी ‘अशिओटो’ ही गर्दी मोजणारी चटई केली. पाऊल पडलं की दाब मोजला जातो आणि किती माणसं पुढे गेली हा आकडा इंटरनेटवरून पुढे जातो. पहिला नमुना पुठ्ठा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा होता. पुढे त्यांनी उपाहारगृहांत, मॉलमध्ये, मंदिरांत चाचण्या घेतल्या.

नीलयने नंतर जाहीर व्याख्यानात जे सांगितलं त्यातली सर्किटची माहिती मी विसरलो तरी चालेल, बाकीची विसरणार नाही. रंगीत चटई पाहून लोक विचारायचे, शॉक बसेल का? काहीजण तिच्यावरून उडी मारून जायचे. मग त्यांनी वर काळं रबर घातलं, त्यावर धूळ बसली आणि चटई जमिनीसारखी दिसू लागली. रुंदी १८ इंच ठेवली, कारण त्याहून कमी असेल तर माणूस सहज ओलांडून जातो. जाडी १२ मिलिमीटरच्या वर जाऊ दिली नाही, कारण त्याला अडखळून कुणी पडलं तर चेंगराचेंगरी रोखणाऱ्या यंत्रानेच ती घडवली असती. कुंभात या चटईने १८ तासांत पाच लाख माणसं मोजली. हे मोजमाप, हे रबर, ही धूळ, हे सगळं सेटिंग आहे. परदेशातून तयार यंत्र आणून ते रामकुंडाच्या वाटेवर टाकलं असतं, तर यांतलं काहीही कुणाला सुचलं नसतं. तिथे अनवाणी चालणारी माणसं कशी चालतात हे त्या मुलांनी रोज पाहिलं होतं.

२०२७ चा सिंहस्थ समोर आहे. कॅमेरे येतील, मोजणीची यंत्रं येतील, मोठी कंत्राटं निघतील. त्यांना माझा विरोध नाही. पण त्या यंत्रांपैकी काही तरी या शहरातल्या मुलांनी उभी केलेली असावीत, आणि मेळा संपल्यावर ती उघडून, बदलून, चाळीत, द्राक्षबागेत, गावच्या पाणीपुरवठ्यावर लावता यावीत, अशी अट आपण आत्ताच घालायला हवी. द्राक्षबागेत पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं, यावर डाऊनी रोगावरची फवारणी ठरते. तोच बोर्ड, तेच घड्याळ, सेन्सर वेगळा.

मुलं नाहीत असं नाही. वेगवेगळ्या योजनांतून शाळांत असे बोर्ड आलेही आहेत. मी अशा काही शाळांत गेलो आहे जिथे ते खोक्यासकट कपाटात होते, कारण मोडलं तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न सुटलेला नव्हता. शिक्षकांना मी दोष देत नाही. साहित्याची नोंदवही त्यांच्या नावावर असते. बोर्ड मोडणं हा शिक्षणाचाच खर्च आहे, एवढा एक कागद वरून आला की कपाटं उघडतील.

शिकवायची सोयही जवळ आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे आणि पायथनचे धडे मराठी आवाजात आहेत, फुकट. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या नाशकात आहे आणि नोकरी-शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ते स्थापन झालं. तालुक्यातालुक्यांत आयटीआय आहेत, तिथे वायर सोलायला आणि सोल्डर करायला शिकवतातच. यांनी मिळून एक छोटा अभ्यासक्रम करावा : कोऱ्या कार्डापासून चालू चाळीपर्यंत. गावागणिक दोन सेटर, शक्यतो एक मुलगा आणि एक मुलगी, आणि दोघंही गावात राहणारे.

त्यांची परीक्षा कागदावर नको. विद्यार्थ्याने बोर्ड चाळीत लावून द्यायचा. परीक्षकाने चालू असताना प्लग ओढायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा ओढायचा, चांगला दहा वेळा. मग इंटरनेट तोडायचं आणि रात्र जाऊ द्यायची. सकाळी नोंदीतली वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळली पाहिजे. संदेश मराठीत आला पाहिजे आणि घरातल्या आजीला वाचता आला पाहिजे. कार्ड काढून घेतलं तर विद्यार्थ्याकडे दुसरी, तारीख लिहिलेली, चालू प्रत निघाली पाहिजे, आणि ती चाळीत न ठेवता दुसऱ्या घरी ठेवलेली असली पाहिजे. शेवटी त्याने केलेल्या प्रत्येक बदलाची मराठीत लिहिलेली वही परीक्षकाने तिसऱ्याच मुलाच्या हातात द्यायची आणि त्याला नव्या कार्डावर सगळं पुन्हा उभं करायला सांगायचं. ते उभं राहिलं तर पहिला पास.

अशी परीक्षा घ्यायला जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात यायची माझी तयारी आहे. बोर्ड आणि कार्डं मी आणीन, चाळ गावाने द्यावी.